जाहिरात छापून झाली, पण छापण्यापूर्वी ती वाचली कोणी?

नारायणपेठी (धागाकर्ता)

पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या रस्त्याने पायी निघाले की डोळ्यांपुढे फलकांमागून फलक येतात, आणि त्यांतले बरेचसे फलक मालकाला जे सांगायचे होते त्यापेक्षा भलतेच काही सांगत असतात. वर्तमानपत्राच्या घडीतून घरी येणारी पत्रके, गृहप्रकल्पांची माहितीपत्रके, गणेश मंडळांच्या स्मरणिकांतल्या जाहिराती आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी दुकानांची चित्रे या सगळ्यांत हाच प्रकार आढळतो.

कोथरूडकडच्या एका शाळेच्या प्रवेशाच्या फलकावर ‘आपल्या पाल्यासाठी सर्वोत्तम शिक्षा’ असे हातभर अक्षरांत लिहिले होते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हे आपल्याला ठाऊक असते, तरीही मराठी पालक ते वाक्य वाचतो तेव्हा त्याला छडीच आठवते. एका कापड दुकानाच्या पत्रकावर ‘पक्क्या रंगाची हमी’ या शब्दांतला अनुस्वार गळला आणि एक काना वाढला, त्यामुळे ती ‘पक्क्या रागाची हमी’ झाली. सदनिकेच्या एका जाहिरातीत ‘भाड्याने देणे आहे’ याच्या जागी ‘भांड्याने देणे आहे’ असे छापले गेले. अशी पत्रके हजारांनी छापली जातात, वाटली जातात, आणि वाचणारा हसतो. मालाचा भाव, दुकानाचा पत्ता, सवलतीची मुदत यांतले काहीही त्याच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती चूक, आणि तो तिचे छायाचित्र काढून पुढे पाठवतो.

या चुकांचे खापर ‘आजकाल कोणाला मराठी येत नाही’ या वाक्यावर फोडणे मला पटत नाही. रंग आणि राग यांतला फरक कळत नाही असा दुकानदार या शहरात नाही. मजकूर मालकाकडून निघतो, संगणकावर बसलेल्या मुलाकडे जातो, तेथून छपाईला जातो, मग टांगणाऱ्याच्या हाती येतो. तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणे हे काम मात्र या चौघांपैकी कोणाकडेच सोपवलेले नसते. पूर्वी ते मुद्रितशोधकाकडे असे. छपाईचा खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा सर्वांत आधी तो माणूस गेला, आणि त्याचे काम कोणी उचलले नाही.

आपल्यापैकी काही जण छपाईत, जाहिरातीत, भाषांतरात काम करतात. चूक नेमकी कोठे शिरते, कोणती चूक गंभीर मानावी आणि लहान व्यावसायिकाला परवडेल असा उपाय कोणता, यावर आपण अनुभव मांडावेत अशी विनंती आहे.

अक्षरजुळणी

धागा उत्तम आहे. मी शनिवार पेठेत संगणकावर अक्षरजुळणी आणि आरेखन करतो, त्यामुळे चूक शिरते ती जागा रोज पाहतो.

ग्राहक मजकूर पाठवतो तो फोनवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकलेला असतो. आमच्याकडची कित्येक सुंदर वळणाची अक्षरे मात्र जुन्या पद्धतीच्या फॉन्टांमध्ये आहेत. श्रीलिपीसारखी आपल्या पुण्यातच तयार झालेली प्रणाली छपाईवाल्यांनी वर्षानुवर्षे वापरली, तिच्यावर हात बसला आणि जुनी सगळी कामे तिच्यातच साठवलेली आहेत. या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षराचा तुकडा एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असतो. युनिकोडमधला मजकूर त्यात जसाच्या तसा उतरत नाही. तो रूपांतरित करावा लागतो, नाहीतर पुन्हा टंकावा लागतो. घाई असली की मुलगा पुन्हा टंकतो, आणि ग्राहकाने बरोबर लिहिलेला शब्द तेथे बिघडतो.

दुसरा प्रकार आरेखनाच्या सॉफ्टवेअरचा आहे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर, पण दिसायला हवी अक्षराच्या आधी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते आणि त्यासाठी भारतीय लिप्यांची सोय चालू असावी लागते. ती बंद राहिली तर ‘दिवाळी’ या शब्दातली वेलांटी ‘द’ला सोडून ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसते, आणि ‘स्वागत’मधला ‘स’ पाय मोडून वेगळा उभा राहतो. दिवाळीच्या दिवसांत असे फलक कितीतरी दिसतात. ज्याने तो फलक केला त्याला ‘दिवाळी’ लिहिता येत नाही असे समजणे चुकीचे आहे, कारण त्याने शब्द बरोबरच टंकला होता आणि चित्रात तो कसा उमटला हे पाहिले नाही. मराठी न वाचणाऱ्या मुलाने काम केले असेल तर त्याला ते पाहूनही कळत नाही, आणि आमच्या धंद्यात असे कुशल कारागीर आता पुष्कळ आहेत.

जोडाक्षरांचे दुखणे वेगळे आहे. ‘उद्घाटन’ या शब्दात द आणि घ यांचे जोडाक्षर आहे, परंतु लहान आकारात ते द आणि ध यांच्या जोडाक्षरासारखे दिसते, म्हणून निम्म्या निमंत्रणपत्रिकांवर ‘उद्धाटन’ छापलेले असते. ‘आशीर्वाद’मधला रफार एक घर मागे सरकून ‘आर्शीवाद’ होतो, आणि ही चूक इतकी रुळली आहे की मी दुरुस्त करून दिले तर ग्राहकच ‘तुम्ही चुकवलेत’ म्हणून परत पाठवतात.

दुकानांवरील पाट्या मराठीत असाव्यात यासाठी राज्याने २०२२ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पाट्यांच्या कामांची पुण्यातही घाई उडाली. पाट्या मराठीत आल्या याचा मला आनंद आहे. त्या घाईत इंग्रजी नावे देवनागरीत कशी लिहायची याचा विचार मात्र फारसा झाला नाही, आणि एकाच दुकानाच्या पाटीवर, पिशवीवर आणि पावतीवर तीन वेगवेगळी रूपे दिसू लागली.

निवृत्त मुद्रितशोधक

नारायणपेठी, आपण मुद्रितशोधकाची आठवण काढलीत म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळात जुळारी मजकूर जुळवत असे, त्याचे पहिले मुद्रित, म्हणजे तपासायची छापील प्रत, निघे, दुरुस्त्या होऊन दुसरे निघे, आणि यंत्रावर चढवल्यानंतरही पहिला कागद कोणीतरी वाचत असे. महत्त्वाच्या कामाला दोन माणसे बसत. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचे, विरामचिन्हांसकट, आणि दुसरा मुद्रितावर बोट ठेवून पुढे सरके. या पद्धतीत ‘रागाची हमी’ निसटणे जवळजवळ अशक्य असते, कारण कानाला जे खटकते ते डोळा सहज माफ करून टाकतो. आपण स्वतः लिहिलेला मजकूर आपला डोळा वाचतच नाही; त्याला आधीच ठाऊक असलेले तो कागदावर पाहतो.

नियमांविषयी थोडे लिहितो, कारण त्यांच्याविषयी अकारण भीती आहे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. म्हणजे एकूण अठरा नियम आहेत, आणि जाहिरात लिहिणाऱ्याला त्यांतले चार-पाच नीट समजले तरी बहुतेक लाज टळते. लग्नपत्रिकेवरचे ‘पाणीग्रहण’ हे त्याचे उदाहरण. हात या अर्थाचा संस्कृत शब्द ‘पाणि’ असा आहे, आणि असा ऱ्हस्व इकारान्त शब्द समासात पहिला आला तर तो ऱ्हस्वच राहतो. म्हणून लग्नात होते ते पाणिग्रहण, आणि महानगरपालिका करते तो पाणीपुरवठा. ‘शक्तीवर्धक’ औषधाच्या प्रत्येक डबीवर हीच चूक असते. तेथे ‘शक्तिवर्धक’ हवे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा. एखादी पतसंस्था आपला ‘वर्धापन दीन’ साजरा करते तेव्हा ठेवीदाराच्या मनात नको ती शंका येते.

‘उपाहार’ आणि ‘उपहार’ हे दोन शब्दही वेगळे आहेत. उपाहार म्हणजे फराळ, न्याहारी; उपहार म्हणजे भेट. खाण्याच्या जागेवर ‘उपाहारगृह’ हवे, आणि कार्यक्रमानंतर मिळतो तो अल्पोपाहार.

सहकारनगरची वाचक

सर्वांचे प्रतिसाद वाचले आणि एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटली.

आपल्या शहरात चूक दाखवण्याची हौस मोठी आहे, आणि ती बहुधा लहान माणसाच्या वाट्याला येते. वडापावच्या गाडीवर ‘शुध्द शाकाहारी’ असे लिहिलेले असेल, द आणि ध यांची जागा बदललेली असेल, तर त्याने कोणाची फसवणूक झाली, किंवा कोणाला अर्थ कळला नाही? त्या गाडीवाल्याचे छायाचित्र काढून ते शेकडो लोकांना पाठवणाऱ्यांविषयी मला मनापासून वाईट वाटते. ज्याला शाळेत जेमतेम शिकायला मिळाले, त्याने स्वतः पैसे घालून गाडी उभी केली आणि पाटी मराठीत लिहिली, त्याचे आपण काय करतो? हसतो.

त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि अर्थ बिघडवणाऱ्या चुका या दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. जेथे ग्राहकाचा गैरसमज होईल, त्याचे पैसे जातील, कोणाचा अपमान होईल किंवा शोकाच्या प्रसंगी घरच्यांना दुखावले जाईल, तेथे कठोर असावे. बाकीच्या ठिकाणी त्या माणसाला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगावे. आणि मोठ्या कंपन्यांना, ज्यांच्याकडे जाहिरातीसाठी भरपूर पैसा असतो, त्यांना मात्र मोठ्याने सांगावे.

नारायणपेठी (धागाकर्ता)

सहकारनगरची वाचक, आपला भेद मला पूर्ण मान्य आहे आणि या धाग्याचा रोख तोच असावा. ज्याला परवडते त्याच्याकडून अपेक्षा अधिक.

लक्ष्मी रस्त्याचा व्यापारी

आमचे साड्यांचे दुकान आहे, म्हणून दुकानदाराच्या बाजूने लिहितो. गणपती आणि दिवाळीच्या आधी आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. सवलतीचा निर्णय संध्याकाळी होतो, रात्री आरेखन येते, आणि सकाळी फलक टांगलेला हवा असतो. चित्र व्हॉट्सॲपवर येते. समोर गिऱ्हाईक बसलेले असते, हातात साडी उलगडलेली असते, आणि त्या तळहाताएवढ्या पडद्यावर मालक दुकानाचे नाव बघतो, दूरध्वनी क्रमांक बघतो, मॉडेलचा फोटो बघतो आणि ‘ओके’ पाठवतो. मधला मजकूर वाचला जात नाही. अक्षरजुळणी यांनी म्हटले तसे त्यांच्याकडेही तो वाचला जात नाही, कारण ‘मालकाने ओके केले आहे’.

शब्द गळल्यामुळे प्रत्यक्ष पैसे कसे जातात हे मी शेजारीच पाहिले आहे. तेथे ‘निवडक साड्यांवर ५० टक्क्यांपर्यंत सूट’ असे म्हणायचे होते, आणि जागा पुरेना म्हणून आरेखन करणाऱ्याने ‘निवडक’ आणि ‘पर्यंत’ हे दोन्ही शब्द काढले. राहिले ते ‘साड्यांवर ५० टक्के सूट’. बायका पैठण्या घेऊन गल्ल्यावर आल्या आणि निम्मी किंमत द्यायला लागल्या. त्यांचे काय चुकले? त्यांनी फलक वाचला होता. त्या दिवशी तेथे जी वादावादी झाली, तिच्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइके दुरावली.

सराफ कट्ट्यावरही असेच होते. ‘५० टक्के सूट’ हे मोठ्या अक्षरांत, आणि ‘घडणावळीवर’ हा शब्द खालच्या ओळीत, फुलांच्या नक्षीत. त्याला मी चूक म्हणणार नाही, कारण ती बहुधा जाणूनबुजून केलेली असते.

वकिली करणारा सभासद

व्यापारीबंधूंच्या शेवटच्या वाक्यावरून कायद्याची बाजू सांगतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि पुन्हा तसे घडल्यास तो पन्नास लाखांपर्यंत जाऊ शकतो. गृहप्रकल्पांच्या बाबतीत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अधिक स्पष्ट आहे. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास भरलेले पैसे व्याजासह परत मागता येतात. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून अशा जाहिरातींवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचा, क्यूआर कोडही असावा लागतो. त्यामुळे माहितीपत्रकात ‘जलतरण तलाव असेल’ आणि ‘जलतरण तलाव प्रस्तावित आहे’ यांतला फरक हा लेखनशैलीचा प्रश्न राहत नाही.

वैद्यकीय जाहिरातींत तर एकेका शब्दाला वजन आहे. औषधे आणि चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा १९५५ पासून लागू आहे, आणि मधुमेहासारखे जे आजार त्याच्या अनुसूचीत आहेत ते बरे करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास त्याने मनाई आहे. ‘मधुमेहींसाठी आहारविषयक सल्ला’ आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ ही दोन वाक्ये पत्रकावर सारखीच जागा घेतात. पहिले लिहिता येते, दुसरे लिहिता येत नाही. पत्रक लिहून देणाऱ्या मुलाला हे सांगणारा कोणी नसतो, आणि डॉक्टरही तो मजकूर वाचून पाहत नाहीत.

भाषांतरकार

माझा व्यवसाय इंग्रजी आणि हिंदी जाहिराती मराठीत आणण्याचा आहे. धाग्याच्या सुरुवातीला आलेले ‘शिक्षा’चे उदाहरण माझ्या रोजच्या पाहण्यातले आहे, कारण देशभर चालणाऱ्या मोहिमेचा मजकूर बहुधा इंग्रजीत तयार होतो, त्याचे हिंदी होते, आणि मराठी त्या हिंदीवरून होते. हिंदीतले शब्द ओळखीचे दिसतात म्हणून तसेच राहतात. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. ‘आपल्या सेवेसाठी आमची सदैव चेष्टा’ हे वाक्य एका विम्याच्या पत्रकाच्या मसुद्यात माझ्यासमोर आले होते. हिंदीत खाली म्हणजे रिकामे, म्हणून ‘दुकान खाली आहे’ या वाक्याचा अर्थ मराठी माणूस तळमजल्यावर आहे असा घेतो. हिंदीत व्यस्त म्हणजे कामात गुंतलेला, मराठीत व्यस्त म्हटले की शाळेतले व्यस्त प्रमाण आठवते.

अलीकडे यंत्राने केलेल्या भाषांतराची भर पडली आहे. यंत्र पुष्कळ सुधारले आहे, पण जाहिरातीतला मजकूर दोन-तीन शब्दांचा असतो आणि तेवढ्यावरून संदर्भ कळणे कठीण जाते. इंग्रजीतल्या ‘फ्री’चे मराठीत मोफत होते, मुक्तही होते आणि विरहितही होते, ‘डिलिव्हरी’ची घरपोच सेवा होते आणि प्रसूतीही होते. मिठाईच्या खोक्यावर ‘साखर मोफत’ आणि किराणा दुकानाच्या पत्रकावर ‘मोफत घर प्रसूती’ अशी रत्ने त्यातूनच निघतात. ‘बिनसाखरेची मिठाई’ आणि ‘घरपोच सेवा मोफत’ हे शब्द दुकानदाराला स्वतःला ठाऊक असतात. त्याला कोणी विचारलेले नसते.

नावांच्या बाबतीतही विचार लागतो. मित्सुबिशीची पजेरो ही गाडी स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मोंटेरो या नावाने विकली गेली, कारण मूळ नाव त्या भाषेत अश्लील ठरते. टाटा मोटर्सने ‘झिका’ नावाची गाडी आणायचे ठरवले असतानाच त्या उच्चाराच्या विषाणूची साथ जगभर गाजू लागली, आणि २०१६ मध्ये कंपनीने नाव बदलून ‘टियागो’ केले. त्यात शब्दाची चूक नव्हती, तरीही कंपनीने वेळेवर ऐकले.

येथे एक सावधगिरीही सांगते. शेव्हरोले नोव्हा ही गाडी ‘नो व्हा’, म्हणजे ‘चालत नाही’, या अर्थामुळे स्पॅनिश देशांत विकलीच गेली नाही, ही कथा विपणनाच्या वर्गांत हमखास सांगितली जाते. ती खरी नाही. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी चांगली खपली. आपल्याकडे फिरणाऱ्या पुणेरी पाट्यांतल्याही कितीतरी कोणीतरी घरी बसून संगणकावर केलेल्या असतात. दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवताना ती चूक खरोखर घडली आहे का, हे पाहणे आपलेही कर्तव्य आहे.

कोथरूडकर

‘शुद्ध गाईचे तूप’ यावर अजून कोणी कसे बोलले नाही? गाय शुद्ध की तूप शुद्ध?

निवृत्त मुद्रितशोधक

कोथरूडकर, हे उदाहरण फार जुने आहे, आणि माझ्या मते त्यावर जरुरीपेक्षा अधिक शाई खर्च झाली आहे. ‘गाईचे शुद्ध तूप’ हे अधिक चांगले, यात वाद नाही, परंतु ‘शुद्ध गाईचे तूप’ वाचून कोणीही गाईच्या शुद्धतेचा विचार करीत नाही. विशेषणाची जागा चुकल्याने खरोखर घोटाळा होतो तो वेगळ्या ठिकाणी. ‘मोफत महिलांची आरोग्य तपासणी’ कानाला विचित्र लागते. ‘फक्त’ या शब्दाची जागा तर व्यवहार बदलते. ‘फक्त रविवारी चष्म्याच्या काचांवर सूट’ आणि ‘रविवारी फक्त चष्म्याच्या काचांवर सूट’ या दोन वाक्यांनी ग्राहकाला दिलेली वचने भिन्न आहेत. पहिल्याने इतर दिवशी काचांवर सूट नाही असे सांगितले, दुसऱ्याने रविवारी चौकटीवर सूट नाही असे सांगितले. दुकानात भांडण होते ते अशा शब्दांवरून.

छोट्या जाहिरातींत शब्दागणिक किंवा ओळीगणिक पैसे पडतात, म्हणून लोक शब्द आणि स्वल्पविराम कापतात. ‘आजीस सांभाळण्यासाठी बाई व जुना फ्रिज विकणे आहे’ अशी जाहिरात त्यातून तयार होते. ‘हवी’ हा एक शब्द वाचवण्यासाठी एवढे करू नये.

अक्षरजुळणी

सहकारनगरच्या वाचकताईंनी शोकाच्या प्रसंगाचा उल्लेख केला, त्याविषयी लिहायचे राहिले होते. वाढदिवसाच्या फलकाची जुनी फाइल उघडायची, फोटो बदलायचा, वरचा मजकूर बदलायचा आणि छापायला पाठवायचे, ही फलकाच्या धंद्यातली सर्रास पद्धत आहे. त्यामुळे वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली ‘शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार’ असा फलक चौकात लागतो. तेथे ‘शोकाकुल’ हवे. घरच्या माणसांनी तो फलक पाहिल्यावर त्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करवत नाही. मी आमच्या दुकानात श्रद्धांजलीचा फलक नेहमी कोऱ्या पानावर करायचा असे ठरवून दिले आहे, मग कितीही घाई असो.

सिंहगड रस्ता रहिवासी

फार उपयोगी चर्चा चालू आहे. माझ्या बहिणीने काही जणींना सोबत घेऊन दिवाळीच्या फराळाचे काम सुरू केले आहे आणि पत्रकाचा मजकूर आजच आरेखनाला जायचा आहे. कृपया कोणी पाहून द्याल का? मजकूर असा आहे :

‘शुद्ध घरगुती महिलांनी बनवलेला तुपातील फराळ. चकली, चिवडा, अनारसे, शंकरपाळी, लाडू. २ किलोच्या वर मोफत घरपोच डिलिव्हरी. उपहार पॅक मिळतील. ऑर्डर लवकरात लवकर द्यावी.’

कोथरूडकर

‘उपहार’ नको, ‘उपाहार’ करा. वर सांगितलेच आहे.

निवृत्त मुद्रितशोधक

कोथरूडकर, येथे ‘उपहार’ बरोबर आहे, कारण ती भेट द्यायची पेटी आहे. तरीही वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून ‘भेट देण्यासाठी सजवलेल्या पेट्या’ असे सरळ लिहावे.

ताई, पहिल्या वाक्यात ‘शुद्ध’ हा शब्द महिलांना चिकटला आहे आणि ‘घरगुती’ही. ‘महिलांनी घरी बनवलेला ताजा फराळ’ असे करा. सर्व पदार्थ तुपात नसणार. चकली आणि चिवडा तेलातच होतात, मग ‘तुपातील फराळ’ हे विधान खरे राहत नाही. ‘अनारसे आणि लाडू साजूक तुपातील, चकली आणि चिवडा शेंगदाणा तेलातील’ असे लिहा. प्रत्यक्षात जे वापरता तेच लिहा. ग्राहकाला हे अधिक आवडेल.

वकिली करणारा सभासद

‘२ किलोच्या वर’ म्हटले की बरोबर दोन किलो घेणाऱ्याला सेवा मोफत की नाही, हा प्रश्न उरतो. ‘दोन किलो किंवा त्याहून अधिक फराळावर घरपोच सेवा मोफत’ असे लिहावे, आणि ती कोणत्या भागात मिळेल तेही लिहावे. नाहीतर हडपसरहून मागणी येईल.

भाषांतरकार

‘लवकरात लवकर’ऐवजी शेवटची तारीख द्या आणि तिच्यासोबत वार लिहा. तारीख आणि वार दिनदर्शिकेत जुळतात का, हे पाहून घ्या. घरपोच आणि डिलिव्हरी हे दोन्ही शब्द एकत्र नकोत.

लक्ष्मी रस्त्याचा व्यापारी

दूरध्वनी क्रमांक चित्रावरून पाहून स्वतः लावून पाहा, कोणाचा वाजतो ते कळेल. भाव किलोचा की अर्ध्या किलोचा हेही छापा.

सिंहगड रस्ता रहिवासी

सर्वांची मनापासून आभारी आहे. बहिणीला सगळे कळवले. शंकरपाळी तेलात होते, तेही तिने घातले आहे, आणि घरपोच सेवा धायरी, आनंदनगर आणि वडगाव बुद्रुक या भागांपुरती ठेवली आहे. चित्र आले की तिच्या सासूबाई मूळ कागदावरून मोठ्याने वाचणार आहेत आणि ती चित्रावर बोट ठेवून पाहणार आहे. त्यानंतरच ‘ओके’ पाठवू.